‘सम्राट अशोक’ आणि बॉम्बची गोष्ट

मंडळी, या व्याख्यानाचा विषय फळ्यावर लागल्यापासून इथल्याच, अँटॉप हिलमधल्या, तिघांनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं, "सर, तो बॉम्बच होता. दाबलं प्रकरण." तिघांपैकी एकाचा तर तेव्हा जन्मही झालेला नव्हता!

तारीख 1 जानेवारी 1978. रात्री पावणेनऊच्या सुमारास दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ सांताक्रूझहून उडालं आणि 101 सेकंदांत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. आत 213 माणसं होती. कुणीही वाचलं नाही. 1971 साली आलेलं हे आपलं पहिलं जंबो जेट. ते असं दोन मिनिटांच्या आत संपलं म्हटल्यावर घातपाताचा संशय येणारच. तो यायलाही हवा होता.

पण समुद्र तिथे उथळ. मलेशियाचं एमएच 370 हे विमान 2014 साली नाहीसं झालं, त्याचा मुख्य सांगाडा अजून सापडलेला नाही. तिथे तर्काला रान मोकळं आहे. इथे तसं नव्हतं. अवशेष मिळाले, दोन्ही रेकॉर्डर मिळाले. स्फोटाचा पुरावा मिळाला नाही.

मिळालं ते वेगळंच. विमान किती कललंय हे दाखवणारं एक यंत्र वैमानिकापुढे असतं. उजवीकडचं वळण संपून विमान सरळ झालं, तरी कॅप्टनसमोरचं यंत्र ‘अजून उजवीकडे कललेलंच’ असं दाखवत राहिलं. बाहेर अंधार, खाली काळं पाणी, क्षितिज दिसत नाही. अशा वेळी माणसाच्या कानातला तोलही फसवतो, बरं का. कॅप्टननी विमान डावीकडे वळवलं, आणि वळवतच गेले. सहवैमानिकापुढे दुसरं यंत्र होतं, मध्ये तिसरं, राखीव. फ्लाइट इंजिनियरनी तिकडे लक्ष वेधायचा प्रयत्न केला. टेपवर ते आहे. तोवर उशीर झाला होता.

मग बॉम्बची गोष्ट टिकली कशी? माझ्या मते, 1985 मुळे. त्या वर्षी 23 जूनला ‘सम्राट कनिष्क’ आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं आणि 329 माणसं गेली. तो खरोखरच बॉम्ब होता. तीच कंपनी, तसंच जंबो, नावात पुन्हा ‘सम्राट’, पुन्हा समुद्र. लोकांच्या आठवणीत दोन विमानांचं एकच झालं, आणि नंतरचा बॉम्ब आधीच्या विमानात जाऊन बसला.

त्याच 1985 मध्ये अमेरिकेतल्या कोर्टात ‘अशोक’चा निकाल लागला. मृतांच्या नातलगांनी बोइंगवर आणि यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला होता. न्यायाधीशांनी निष्काळजीपणाचा आरोप फेटाळला. तो निकाल पटो न पटो, वाद घालायचा तर तो तिथे आहे: एक यंत्र बिघडलं, दोन शिल्लक होती, तरी विमान का पडलं? असा दावा झाला होता हे मला भेटलेल्या तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.