एका मंत्राचे पाठभेद

एकाच ओवीचे चार पोथ्यांतील चार पाठ शेजारी मांडून वाचण्याची सवय आम्हा मराठीच्या शिक्षकांना असते. तीच सवय आज आम्ही जरा अनपेक्षित ठिकाणी वापरणार आहोत. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला, टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळण्याचा खेळ. एक जण सूत्रधार आणि पंच. बाकीचे योद्धा, चोर, जादूगार अशी पात्रे होतात. जादूगाराचा ‘फायरबॉल’ हा मंत्र या खेळाच्या सर्व प्रमुख आवृत्त्यांत आहे. नाव तेच, पाठ मात्र दर वेळी निराळा. एका पात्राच्या सामर्थ्यापुढे बाकीची पात्रे निरर्थक होऊ नयेत, यासाठी हे फेरफार झाले; खेळाडू याला ‘संतुलन’ म्हणतात. हे पाठ ओळीने वाचताना आम्हांला असे दिसले की, न्याय किती मुदतीत मोजायचा याविषयीची समजूतच या काळात पालटत गेली आहे.

मुळात हा मंत्र जादूच्या घराण्यातला नाहीच. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन यांचे १९७१ चे ‘चेनमेल’ हे पुस्तक म्हणजे छोट्या पुतळ्यांनी मध्ययुगीन लढाया खेळण्याचे नियम. त्याच्या अद्भुताच्या पुरवणीत जादूगाराला दोन अस्त्रे दिली आहेत. अग्निगोलाचा व्याप मोठ्या दगडफेकी यंत्राच्या माऱ्याइतका, विजेचा अवजड तोफेइतका. जादूगार म्हणजे रणांगणावरचा तोफखाना, आणि तोफखान्याचा हिशेब सैन्याच्या हिशेबात बसून जातो. पुढे तीन वर्षांनी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी याच जादूगाराला सैन्यातून काढून मूठभर सोबत्यांसह भुयारात उतरवले. चौघांच्या टोळीत एकाजवळ तोफ असेल, तर तलवारवाल्याने करायचे काय?

१९७४ च्या पाठाने या प्रश्नाचे उत्तर मंत्राच्या व्याख्येत दिलेलेच नाही. तिथे मंत्र बेलगाम आहे. जादूगार जितक्या पातळीचा, तितके सहा बाजूंचे फासे टाकायचे आणि बेरीज होईल तेवढी इजा. उत्तर आहे ते जादूगाराच्या आयुष्यात. हा तिसऱ्या श्रेणीचा मंत्र पाचव्या पातळीवर हाती येतो, आणि तिथे पोचायला योद्ध्याला १६,००० अनुभवगुण लागतात, तर जादूगाराला २०,०००. पहिल्या पातळीवर त्याच्याजवळ दिवसाला एकच मंत्र; तो उच्चारला की स्मृतीतून पुसला जातो. ही कल्पना जॅक व्हॅन्स यांच्या १९५० च्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातून आलेली. (ऐन वेळी मंत्र विसरणारा कर्ण आमच्या वाचकांना आठवेल. तिथे तो शाप होता, इथे तो रोजचा नियम आहे.) पुढे १९७८ च्या पुस्तकात दर पातळीला योद्ध्याची प्राणशक्ती दहा बाजूंच्या फाशाने ठरते, जादूगाराची चार बाजूंच्या. मंत्र म्हणत असताना घाव बसला तर मंत्र वाया. अशा जिण्यातून जो तगला, त्याच्या हाती अग्नी. पाच फाशांची सरासरी साडेसतरा भरते; त्या वेळच्या ‘ओगर’ नावाच्या राक्षसाची प्राणशक्ती सरासरी पंधरा. बचावाचा फासा अनुकूल पडून इजा निम्मी झाली नाही, तर आगीच्या टप्प्यातले बहुतेक ओगर एका उच्चारात आडवे. किंमत आधीच चुकती केलेली होती.

१९७८ चा पाठ आमचा विशेष आवडता आहे. त्यात अग्नीला आकारमान दिले आहे: सुमारे ३३,००० घनफूट. जागा अरुंद असेल, तर आग तेवढी जागा व्यापेपर्यंत पसरत जाणार. हिशेब करून पाहा. दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच बोळात ती तीनशे तीस फूट धावते, म्हणजे टाकणाऱ्याच्या अंगावरही येऊ शकते. सोने, चांदी, तांबे वितळते ते वेगळेच. इथे मंत्राला आवर घालते ती भूमिती, आणि जादूगाराला मंत्रापेक्षा आधी खोली वाचता यावी लागते.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने कमाल दहा फाशांची मर्यादा घातली. खरा सांधा बदलला तो २००० साली. तिसऱ्या आवृत्तीत सर्व पात्रांसाठी अनुभवाचे कोष्टक एकच झाले. पाचवी पातळी सर्वांना १०,००० गुणांवर. घनफुटांचा नियम गेला. शत्रूंची प्राणशक्ती मात्र वाढली: २००३ च्या सुधारित पुस्तकातला ओगर २९ चा आहे. पाचव्या पातळीचे फासे तेच पाच, सरासरी तीच साडेसतरा. ओगर उभाच राहतो. शिवाय शत्रूला बचावासाठी गाठायचा आकडा आता जादूगाराच्या बुद्धीबरोबर वाढू लागला. साहजिकच चाणाक्ष खेळाडू आग सोडून, एकाच चुकलेल्या फाशाने शत्रूला गारद करणाऱ्या मंत्रांकडे वळले. मर्यादा आगीला घातली होती, वरचढपणा दुसऱ्याच दाराने आत आला.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने सर्व पात्रांच्या शक्ती एकाच साच्यात ओतल्या: काही केव्हाही वापरायच्या, काही एका चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. आयुष्यभराचा हिशेब आता चकमकीपुरता झाला. यावर हळहळणे सोपे आहे, आणि आम्ही थोडे हळहळलोही. दुबळ्याचा समर्थ होण्याचा जो दीर्घ प्रवास जुन्या नियमांत आपोआप घडे, तो इथे उरला नाही. पण जुना न्याय वायद्यावर चालत असे, हेही मान्य केले पाहिजे. तो वायदा पुरा व्हायला तीच मंडळी महिनोन्‌महिने त्याच टेबलाशी जमावी लागत. नोकरी, बदली, लग्न यांत टोळी पांगली, की पहिल्याच तासाला मेलेल्या जादूगाराच्या पदरी काहीच पडत नसे. आणि टोळी टिकली, तर शेवटी योद्धा नुसता बघत बसे.

२०१४ चा पाठ मात्र खरोखर विलक्षण आहे. त्या वर्षी सूत्रधारासाठी निघालेल्या पुस्तकात नवे मंत्र रचण्याचे एक कोष्टक आहे. अनेकांना इजा करणाऱ्या तिसऱ्या श्रेणीच्या मंत्राला ते सहा फासे देते. आठ फासे पाचव्या श्रेणीला. फायरबॉल तिसऱ्या श्रेणीचाच, आणि त्याला फासे आठ. नियम लिहिणाऱ्यांनी आपलाच नियम एका नावापुढे वाकवला. आमच्या मते ही चूक नसून मानवंदना आहे: चाळीस वर्षांच्या आठवणींची भरपाई दोन जादा फाशांनी केलेली. तरी त्याच आवृत्तीतला ओगर ५९ चा, आणि आठ फाशांची सरासरी २८. कोष्टक मोडूनही आग त्याला निम्माच जाळते.

२०२४ च्या सुधारित पुस्तकातही फासे आठच आहेत.