अरुण दाते यांची भावगीते : तबकडीपासून कॅसेटपर्यंत

अरुण दाते (४ मे १९३४ – ६ मे २०१८) हे मराठी भावगीताचे लोकप्रिय गायक. जन्म इंदूरचा, मूळ नाव अरविंद. शिक्षणाने वस्त्रोद्योग अभियंता आणि कितीतरी वर्षे नोकरी सांभाळून गाणारे. त्यांची गाणी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कधी ना कधी वाजली आहेत. ती कोणी लिहिली, कोणी चाल दिली, ती आपल्यापर्यंत कशी पोहोचली आणि घरातल्या जुन्या तबकड्या-कॅसेटचे काय करावे, हे एका ठिकाणी मिळावे म्हणून आम्ही ही नोंद तयार केली आहे.

आपल्या गावाशी नाते

नेपा मिलचे राष्ट्रार्पण पंडित नेहरूंच्या हस्ते २६ एप्रिल १९५६ रोजी झाले. 'शुक्रतारा' हे गाणे १९६२ चे. म्हणजे आपली वसाहत आणि ही गाणी जवळपास बरोबरीने वाढली. खानदेशातून, वऱ्हाडातून आणि आणखी दुरून आलेली कुटुंबे इथल्या क्वार्टरांत स्थिरावली. शाळा हिंदी, बाजार हिंदी, मिलमधले बोलणे हिंदी. मराठी उरली ती स्वयंपाकघरात, देवघरात, गणपतीच्या दहा दिवसांत आणि गाण्यांत. दाते यांची गोष्ट आपल्याला जवळची वाटते ती याच कारणाने. तेही हिंदी मुलखातल्या मराठी घरातले होते.

इंदूरचे घर

वडील रामूभैया दाते हे इंदूरचे नामांकित रसिक. मोठमोठ्या गायक-वादकांचा त्यांच्या घरी राबता असे. कुमार गंधर्व १९४८ च्या सुमारास देवासला येऊन राहिले. अरुण दाते यांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. पुढे के. महावीर यांच्याकडेही ते शिकले. शिक्षणासाठी मुंबईला गेल्यावर गाणे सुटले नाही, पण ते गाणे प्रामुख्याने उर्दू गझलेचे होते. आवाज मऊ, फार उंच न जाणारा आणि मायक्रोफोनजवळ हलकेच गाण्याला साजेसा. तलत मेहमूद ज्यांना आवडतात त्यांना हा आवाज ओळखीचा वाटेल.

'शुक्रतारा' कसे घडले

संगीतकार श्रीनिवास खळे यांना मंगेश पाडगावकरांच्या कवितेसाठी हा आवाज हवा होता. दाते मात्र तयार होईनात. आपण इंदूरचे, आपले मराठी उच्चार मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांना चालतील का, ही त्यांची शंका होती. खळे यांनी पाठपुरावा सोडला नाही आणि अखेर १९६२ मध्ये मुंबई आकाशवाणीसाठी गाणे झाले.

या द्वंद्वगीतातील दुसरा आवाज सुधा मल्होत्रा यांचा. त्यांचा जन्म दिल्लीचा आणि बालपण लाहोर, भोपाळ व फिरोजपूर येथे गेलेले. हिंदी चित्रपटांत त्यांनी नाव मिळवले होते. म्हणजे मराठी घरांत सर्वाधिक गुणगुणल्या गेलेल्या या गाण्याचे दोन्ही गायक महाराष्ट्राबाहेर वाढलेले. आपल्या मुलांना व्यासपीठावर मराठी गाणे म्हणताना "माझे मराठी हिंदीसारखे वाटते" असा संकोच वाटतो, तेव्हा आम्ही त्यांना हीच गोष्ट सांगतो.

तबकडी, कॅसेट, कार्यक्रम

अमेरिकेत फ्रँक सिनात्रा यांनी १९५५ साली 'इन द वी स्मॉल अवर्स' हा अल्बम काढला. एकाकी रात्रीच्या एकाच भावनेची गाणी त्यात सलग मांडली होती. एका सुरात बांधलेला संच म्हणून तो आजही ऐकला जातो. मराठी भावगीताची रीत वेगळी होती. इथे गाणे सुटे जन्मत असे. आधी रेडिओवर लागे, लोकांच्या तोंडी बसे, मग तबकडीवर येई.

७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटे मावत, म्हणून एका तबकडीत दोनच गाणी. ४५ फेऱ्यांच्या छोट्या ईपीवर साधारण चार गाणी येत. ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीवर एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळाली, तेव्हा आधीची गाजलेली गाणी एकत्र करून संच निघू लागले. १९८० च्या दशकात कॅसेट आली आणि हे संच खऱ्या अर्थाने घरोघरी पोहोचले, कारण टेपरेकॉर्डर रेकॉर्ड प्लेअरपेक्षा स्वस्त होता आणि कॅसेटवरून कॅसेट उतरवून घेता येत होती.

सलग ऐकण्याचा अनुभव दाते यांच्या श्रोत्यांना खरा मिळाला तो रंगमंचावर. 'शुक्रतारा' नावाच्या त्यांच्या कार्यक्रमाचे दोन हजारांहून अधिक प्रयोग झाले.

कुठून सुरुवात करावी

नव्याने ऐकणाऱ्यांसाठी आम्ही सात गाणी निवडली आहेत. गाण्याबरोबर कवी आणि संगीतकार दिले आहेत.

१. शुक्रतारा – मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे. दोन आवाज एकमेकांवर चढत नाहीत, एकमेकांसाठी जागा सोडतात, ते ऐका.

२. भातुकलीच्या खेळामधली – पाडगावकर, यशवंत देव. खेळातल्या राजा-राणीची ताटातूट. चाल इतकी सोपी की लहान मुलेही उचलतात, अर्थ मात्र मोठेपणी कळतो.

३. या जन्मावर – पाडगावकर, यशवंत देव. समूहाने म्हणण्यासाठी उत्तम.

४. दिवस तुझे हे फुलायचे – पाडगावकर, यशवंत देव. लग्नघरात आजही हमखास लागते.

५. अखेरचे येतील माझ्या – पाडगावकर, यशवंत देव. आवाज कुठेही न चढवता गंभीर विषय कसा पेलायचा, ते इथे कळते.

६. स्वरगंगेच्या काठावरती – शंकर वैद्य, हृदयनाथ मंगेशकर. चाल अधिक वळणांची, गायला कठीण.

७. सूर मागू तुला मी कसा – सुरेश भट, हृदयनाथ मंगेशकर. दाते यांचा गझलेचा अभ्यास मराठीत कसा उतरला, ते पाहण्यासाठी.

यशवंत देव शब्दप्रधान गायकीचा आग्रह धरत. तान-मुरकी आली तरी कवीचा शब्द झाकला जाऊ नये, हे त्याचे सार. म्हणून ही गाणी पहिल्यांदा ऐकताना कविता हातात असावी. ज्या मुलांना देवनागरी वाचता येते पण मराठी शब्द अडतात, त्यांना ओळीगणिक अर्थ सांगत ऐकवले तर एका संध्याकाळी दोन गाणी सहज होतात.

घरातला ठेवा कसा सांभाळावा

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडताना अनेक घरांतून तबकड्या आणि कॅसेट भंगारात गेल्या आहेत. गाणी फोनवर मिळतात, मग हे कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण फोनवर बऱ्याचदा फक्त गायकाचे नाव दिसते. कवी आणि संगीतकार कोण, हे तबकडीच्या वेष्टणावर आणि कॅसेटच्या आतल्या कागदावर छापलेले असते. तो कागद गेला की पुढच्या पिढीसाठी पाडगावकर आणि देव त्या गाण्यातून पुसले जातात.

म्हणून काही साध्या गोष्टी कराव्यात. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, आडव्या थप्पीने त्या वाकतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात माळ्यावर किंवा पत्र्याच्या पेटीत मुळीच ठेवू नयेत. ७८ ची तबकडी एलपीच्या सुईने वाजवू नये. जुन्या चावीच्या ग्रामोफोनला पोलादी सुई असते, ती दर खेपेला बदलावी. कॅसेट बरीच वर्षे पडून असेल तर एकदम वाजवू नये. आधी फितीवर बुरशीचे पांढरे डाग आहेत का ते पाहावे, नसतील तर पुढे-मागे एकदा फिरवून घ्यावी. घरी उतरवून घेतलेल्या कॅसेटवर काही लिहिलेले नसेल, तर घरातल्या ज्येष्ठांना विचारून आजच लिहून ठेवावे. अशा काही कॅसेटमध्ये गाण्यांच्या मधेच घरच्यांचे बोलणेही भरलेले सापडते.

ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनीही वेष्टणाचा आणि आतल्या कागदाचा फोटो काढून मंडळाकडे द्यावा. मूळ वस्तू घरातच राहू द्यावी. या फोटोंवरून आम्ही वरील यादी वाढवत जाणार आहोत, आणि प्रत्येक गाण्यापुढे गायकाच्या आधी कवीचे नाव लिहिणार आहोत.