कोठीपोटातून मेंदूकडे

राहुरी-संगमनेर भागात रवंथ करत बसलेली गाय हे रोजचेच दृश्य. तिच्या कोठीपोटात जिवाणू कडबा आंबवतात, हे आपण वर्गात सांगतो. त्या जिवाणूंचा आपल्या मेंदूशी असलेला संबंध मात्र सांगायचा राहून जातो.

तो उलगडला दोन टोकांकडून. १९२६ साली अमेरिकेत मायनट आणि मर्फी यांनी मारक पांडुरोगाच्या रोग्यांना यकृत खाऊ घालून बरे केले. या रोगात रक्त तर कमी होतेच. शिवाय हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होते. तिकडे ऑस्ट्रेलियात काही भागांत भरपूर चारा असूनही मेंढ्या खंगून मरत. १९३०च्या दशकात कळले की तिथल्या मातीत कोबाल्ट कमी आहे. किंचित कोबाल्ट दिले की मेंढ्या सावरत. असे का, याचा उलगडा १९४८ नंतर झाला. त्या वर्षी यकृतातून लाल स्फटिक वेगळे केले गेले. हेच ब-१२ जीवनसत्त्व. त्याच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा अणू असतो. वनस्पती ते बनवत नाहीत, प्राणीही नाहीत. बनवतात फक्त सूक्ष्मजीव. कोठीपोटात तयार झालेले ब-१२ गाईच्या आतड्यात शोषले जाते आणि दुधात उतरते. मज्जातंतूंवरचे मायलिनचे वेष्टन शाबूत राहायला ते लागते.

चुणचुणीत विद्यार्थी विचारेल, जिवाणू तर आपल्याही पोटात आहेत, मग? आहेत, पण बहुतेक मोठ्या आतड्यात. आणि ब-१२ शोषले जाते त्याआधीच, लहान आतड्याच्या शेवटी. विहीर खाली आणि मळा वरच्या अंगाला, तशातली गत. वेल्लोरच्या संशोधकांना १९८०मध्ये लहान आतड्यातही ते बनवणारे जिवाणू आढळले. तेवढ्याने भागत असावे, अशी आशा तेव्हा वाटली.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३पासून गर्भवतींची पाहणी केली. दोन तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात ब-१२ कमी निघाले. अशा काही मातांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर अवधान आणि स्मरणाच्या चाचण्यांत थोडी मागे पडली. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगी ही गोष्ट नाही.

रोजची गरज सुमारे २ मायक्रोग्रॅम. पेलाभर गाईच्या दुधात साधारण १ मिळतो. दही-ताकातूनही मिळतो. सगळे दूध डेअरीला घालून घरातल्या पोटुशी सुनेला कोरा चहा मिळत असेल, तर गाईच्या पोटातल्या जिवाणूंची मेहनत तिच्यापर्यंत पोचतच नाही.