मतावरचा बहिष्कार: वरळी आणि ढाका

कोळसेवाडीत मध्यंतरी आमची बैठक झाली. पोरं तापली होती. एकानं सरळ ठरावच मांडला, यापुढं मतदान नाही, बहिष्कार! लगेच एक जुने कार्यकर्ते उठले. म्हणाले, "बाबासाहेबांनी भांडून मिळवलेला हक्क तुम्ही गटारात टाकता काय रे?" दोघांचंही खरं होतं. पण १९७४ ची वरळी दोघांनाही धड माहीत नव्हती. एकाला ती नुसती घोषणा म्हणून ठाऊक, दुसऱ्याला नुसती दंगल म्हणून. म्हणून हे लिहायला बसलो.

मध्य मुंबईचे खासदार होते आर. डी. भंडारे. आधी बाबासाहेबांच्या चळवळीतले, मग रिपब्लिकन, मग काँग्रेसवासी. १९७३ साली ते बिहारचे राज्यपाल झाले आणि जागा मोकळी पडली. आपला माणूस राजभवनात गेला आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीसाठी चाळीत रक्त सांडलं. जानेवारी १९७४ मध्ये पोटनिवडणूक लागली. काँग्रेसचे बॅरिस्टर रामराव आदिक, पाठीशी शिवसेना. समोर कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे, म्हणजे डांग्यांची मुलगी. गिरण्यांचा मुलूख, आणि वरळीच्या बीडीडी चाळींत आपली वस्ती दाट. ही मतं काँग्रेसला घरची वाटत होती. दादासाहेब गायकवाडांनी काँग्रेसशी केलेल्या युतीपासून तशी सवयच लागली होती.

पँथरनं सांगितलं, मत देणार नाही. कुणालाच नाही.

कारण शोधायला लांब जायला नको. १९७२ साली बावड्यात दलितांवर सामाजिक बहिष्कार पडला. त्याच साली ब्राह्मणगावात दोन बायांची विटंबना झाली. गावानं आमच्यावर बहिष्कार टाकला तर तो गावचा रिवाज, आणि आम्ही मतपेटीवर टाकला तर लोकशाही धोक्यात! हा हिशोब पँथरला मान्य नव्हता.

५ जानेवारीला वरळीत सभा झाली. राजा ढाले बोलत असताना दगड आले. निमित्त सांगितलं गेलं की देवादिकांवर टीका केली. असेल. पण तशी टीका पँथर रोजच करायचे, आणि त्या दिवशी व्यासपीठावर बहिष्कारही होता. पोलिसांच्या काठ्या पडल्या त्या ऐकणाऱ्यांच्या पाठीवर. मग चाळ विरुद्ध चाळ पेटली, नायगावपर्यंत आग गेली. १० जानेवारीच्या मोर्चावर परळला वरून दगड पडला आणि भागवत जाधव गेला. पुढं न्यायमूर्ती भस्मे यांचा आयोग बसला. आयोग बसतातच.

माझा मामा तेव्हा नायगावला राहायचा. त्यानं मत टाकलं की नाही, हे त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, "त्या दिवशी पाणी भरायला खाली उतरायची सोय नव्हती, आणि तू मताचं विचारतोस?"

आदिक पडले, रोझाबाई निवडून आल्या. आमच्या बहिष्कारानं काँग्रेस पाडली, असं आजही छाती फुगवून सांगितलं जातं. मी जरा जपून बोलेन. काँग्रेसला धडा मिळाला हे खरं. पण ज्यांचा फायदा झाला त्यांच्याकडून आम्ही आधी काहीच लिहून घेतलं नव्हतं. बावड्याचं काय, ब्राह्मणगावाचं काय, यावर कुणी शब्द दिला नव्हता, आणि आम्ही मागितलाही नव्हता. वर्ष सरायच्या आत ढाले आणि ढसाळ वेगळे झाले, आणि भांडणात कम्युनिस्टांचं नाव होतंच.

बहिष्कार टाकणाऱ्याच्या दारात कोण येतं ते बघण्यासारखं असतं. वरळीत दगड आले. चाळीस वर्षांनी ढाक्यात विमानानं साहेब लोक आले. बांगलादेशात निवडणुकीआधी हंगामी निष्पक्ष सरकार बसवायची तरतूद १९९६ साली घटनेत आली होती. शेख हसीनांच्या सरकारनं ती २०११ साली काढून टाकली. खालिदा झियांचा बीएनपी म्हणाला, मग आम्ही लढत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे दूत तारांको येऊन बसले. आपल्या परराष्ट्र सचिव सुजाता सिंह तिथं जाऊन जनरल इर्शादला भेटल्या. त्यानंही माघार जाहीर केली होती. भेटीनंतर इर्शादनंच बाहेर सांगितलं, की निवडणूक लढवा, नाहीतर जमात वर येईल, असा आग्रह झाला. थोड्याच दिवसांत इर्शाद सैनिकी इस्पितळात पोचला, आणि तिथून खासदार म्हणून निवडूनही आला! ५ जानेवारी २०१४ ला मतदान झालं. ३०० पैकी १५३ जागा बिनविरोध. इर्शादचा पक्ष सरकारातही बसला आणि विरोधी पक्ष म्हणूनही बसला.

साहेब लोक 'सर्वांचा सहभाग' म्हणत होते. निष्पक्ष सरकारची मूळ अट मात्र बाजूलाच पडली. २०१८ साली बीएनपी त्या अटीशिवाय मैदानात उतरला, तर दहा जागासुद्धा हाती लागल्या नाहीत. म्हणजे बाहेर राहूनही गेलं आणि आत जाऊनही गेलं.

आपल्याकडचंही बघा. २०१५ साली २७ गावं कल्याण-डोंबिवली महापालिकेत पुन्हा घातली. गावांना वेगळी नगरपालिका हवी होती, म्हणून संघर्ष समितीनं बहिष्काराची हाक दिली. तरी बहुतेक प्रभागांत अर्ज पडलेच. पण मला वेगळंच विचारायचंय. गावकीनं मतदान नाही म्हटलं, की त्या गावच्या बौद्धवाडीनं काय करायचं? तिला बैठकीला बोलावलं होतं का? की हाक तेवढी ऐकायची? १९३० च्या कायदेभंगात काँग्रेसनं कायदेमंडळावर बहिष्कार घातला, तेव्हा तिथं आता न्हावी, चांभार, कुंभार, भंगीच जातील असे हिणवणारे फलक मिरवले गेले. बाबासाहेबांनी हे लिहून ठेवलंय. दुसऱ्याच्या बहिष्कारात आपली जागा कुठं असते, ती ही.

त्या जुन्या कार्यकर्त्यांना मी सायमनची आठवण दिली. १९२८ साली सगळा देश काळे झेंडे दाखवत होता आणि बाबासाहेब आयोगापुढं गेले. लोकांनी ब्रिटिशांचे हस्तक म्हणून शिव्या घातल्या. पण ते हात हलवत गेले नव्हते. बहिष्कृत हितकारिणी सभेचं निवेदन आधी दिलं होतं, त्यात प्रौढ मताधिकार होता, राखीव जागांचा आकडा होता. नंतर २३ ऑक्टोबरला पुण्यात साक्ष दिली.

मग ठराव मांडणाऱ्या पोराला म्हटलं, बहिष्कार टाका की मत टाका, ते नंतर बघू. आधी अटी लिही. त्यानं वही काढली. पहिली अट लगेच लिहिली गेली, घरांच्या पट्ट्यांची. दुसरीलाही फार वेळ लागला नाही. तिसरीवर असं भांडण जुंपलं की टिटवाळ्याच्या दोघांची शेवटची गाडी चुकली. ती वही सध्या माझ्याकडे आहे, तिसरं पान कोरं आहे.