एरोटरचा सूर

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या एका दवाखान्यात मी तोंड वासून पडलो होतो. डॉक्टर मदतनीस मुलीला म्हणाले, "एरोटर दे." तिनं ट्रेमधला नवाकोरा पुढे केला. "हा नको गं, जुना." जुन्याच्या मुठीवरच्या बारीक खाचा झिजून पार गुळगुळीत झाल्या होत्या. दाढ भरून झाली, चूळ भरली आणि मी विचारलं, नवा बिघडलाय का? "छे, उत्तम आहे. त्याचा आवाज अजून कानात बसला नाही, एवढंच."

एवढंच? ते उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. मग दात कोरणाऱ्या या एरोटरचं कूळ शोधत बसलो.

आधी शब्द. वनस्पती तुपाचा जसा डालडा झाला आणि छायाप्रतीची झेरॉक्स, तसाच हाही मुळात मालाचा छाप. वॉशिंग्टनमधले दंतवैद्य जॉन बोर्डन यांनी 1957 साली हवेवर फिरणारं जे हत्यार बाजारात आणलं, त्याचं नाव एअरोटर. एअर आणि रोटर यांची संधी. बाहेरच्या देशांत त्याला टर्बाईन किंवा हाय-स्पीड म्हणायची रीत जास्त. आपल्याकडे मात्र कुठल्याही कंपनीचं असो, तो एरोटरच. खुद्द बोर्डन यांचं नाव भोकांत शिल्लक आहे. म्हणजे अक्षरशः: हवेची नळी जिथे जोडतात, तिथल्या दोन भोकांच्या मांडणीला धंद्यात अजून 'बोर्डन' म्हणतात.

त्याआधी दात कोरायचं यंत्र पायानं चालायचं. अमेरिकेतल्या जेम्स मॉरिसननं 1871 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. शिवणयंत्रासारखी पायटी, वर चाक, चाकावरून दोरी. वेग मिनिटाला सातशे ते दोन हजार फेरे. दाताच्या वरच्या कवचाइतकी कठीण वस्तू शरीरात दुसरी नाही. ते कवच एवढ्या मंद वेगानं खरवडायचं म्हणजे कवटीभर खडखडाट. हवेची कल्पनाही तशी जुनीच. जॉर्ज ग्रीननं 1868 मध्येच पायाच्या भात्यावर चालणारं हत्यार केलं होतं, पण त्यात जोर नव्हता.

खडखडाटावर उतारा काढायला लागले न्यूझीलंडचे जॉन वॉल्श. ओटागो विद्यापीठाच्या दंतशाखेचे ते प्रमुख. माणसाला कंपनं कितपत जाणवतात, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. वेग पुरेसा वाढवला की पेशंटला थरथर जाणवेनाशी होते, हा त्यातला धागा. 1949 साली त्यांनी आणि सिमन्स यांनी तीन हजार आणि साठ हजार फेऱ्यांची तुलना करणारा लेख लिहिला, आणि हवेच्या टर्बाईनचं पेटंटही त्याच सुमाराचं.

पुढचा टप्पा वाचताना मला आपली पाणचक्की आठवली. शहराच्या उत्तरेच्या डोंगरांतलं पाणी मातीच्या नळांतून आणायचं, उंचावरून पात्यांच्या चाकावर सोडायचं आणि त्याच दांड्यावर जात्याची तळी गरगरवायची, ही बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली करामत. 1953 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रॉबर्ट नेल्सन आणि सहकाऱ्यांनी तोंडात घालायची पाणचक्कीच केली: पाण्याच्या दाबावर चालणारं टर्बाईन, मिनिटाला साठ हजारांवर फेरे. चारच वर्षांनी बोर्डननं पाण्याच्या जागी हवा घातली आणि आकडा तीन लाखांच्या घरात गेला.

त्या दिवशी डॉक्टरांनी एरोटरच्या डोक्यातली एक जुनी कार्ट्रिज माझ्या तळहातावर ठेवली. वाटाण्याएवढी. मधे पात्यांचं चक्र, वर-खाली एकेक बेअरिंग, आणि त्यातल्या गोळ्या मोहरीहून लहान. आरपार भोकात दात कोरणारा जो बर बसतो, त्याचा दांडा 1.6 मिलिमीटर. हवा साधारण 35 पीएसआयनं आत शिरते. ती पाठवणारा कॉम्प्रेसर बाल्कनीत धडधडत असतो. बरच्या टोकावर पाण्याचा फवारा हवाच, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेनं दाताची नस दुखावते.

या यंत्रात एक खोट आहे: दाब सोसत नाही. जरा रेटलं की फेरे पडतात, आणखी रेटलं की थांबतं. विजेवरचा नवा हँडपीस रेटला तरी वेग सोडत नाही. फेरे दोन लाखांपर्यंतच, पण जोर कायम. कागदावर तोच सरस, वजनाला मात्र जड. पण एरोटरचे फेरे पडतात तेव्हा सूरही पडतो. कडक कवचावर एक स्वर, आतल्या मऊ थरावर दुसरा, किडलेल्या भागात शिरलं की बसका. तोंडात लाळ आणि पाणी, आरशावर तुषार. डोळ्यांना धड दिसत नाही तेव्हा डॉक्टर कानानं कोरत असतात. वीस वर्षं एकाच घराण्याचं गाणं ऐकलेल्या माणसाला नवा एरोटर बेसूर नसला, तरी परका लागणारच. मला यात हट्टही दिसतो, पण माझी दाढ त्या हट्टाच्या हातात सुखरूप होती.

हे घराणं ठरतं कॉलेजात. घाटी रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय 1982 सालचं. तिथे काय आणि इतरत्र काय, बीडीएसची पोरं पहिला एरोटर बहुधा स्वतःच्या पैशांनी घेतात. घरून पैसे मागताना आईला किंमत दोनदा सांगावी लागते. एनएसके कंपनीचा पाना-एअर हा जपानी एरोटर कुणाही सीनियरच्या तोंडी असतो, म्हणून तोच घेतला जातो. मग काढलेल्या दातांवर सराव, पहिला पेशंट, पहिली चूक, सगळं त्याच्याच साक्षीनं.

आणि एरोटरच्या फवाऱ्याला लागणारं आपलं पाणी. नळाला रोज पाणी येणं ही या शहरात चैन. बोअर नाहीतर टँकर. त्यातले क्षार फवाऱ्याच्या केसाएवढ्या भोकांत साचतात. माझे डॉक्टर बाटलीतलं शुद्ध पाणीच वापरतात, तरी जुन्या सवयीनं मदतनीस मुलगी बारीक तार घेऊन भोकं साफ करते.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा शेजारच्या खोलीत ज्युनियरचा एरोटर सुरू होता. पावती लिहिता लिहिता डॉक्टर थबकले. "तेल पाजलं का त्याला?" आतून उत्तर आलं नाही. ते उठले, स्वतः दोन फवारे मारले आणि कापसाच्या घडीवर पाच-सात सेकंद रिकामा फिरवला. घडीवर काळा ठिपका उमटला, दुसऱ्या वेळी करडा, तिसऱ्या वेळी पांढरी घडी पांढरीच. "काढेल अजून दोन महिने," म्हणाले, आणि माझी पावती पुरी करायला बसले.