परळच्या पिंजऱ्यांनी दिलेले उत्तर

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघड झाला. पुढच्या वर्षी पुण्यात गोरे सोजीर घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले. रोगी उचलून न्यायचा, सामान जाळायचे, घर धुऊन काढायचे, हे सगळे प्लेग माणसामुळे आणि घाणीमुळे पसरतो या समजुतीवर चालले होते. त्याचा संताप २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंच्या गोळ्यांतून बाहेर पडला. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याचा वध आपल्याला पाठ असतो. ती समजूत ज्यांच्या जिवावर मोडली, त्या प्राण्यांची नोंद आपण ठेवत नाही. या एका प्रकरणात तरी प्राण्यांवरचे प्रयोग टाळता येण्यासारखे नव्हते, असे माझे मत आहे.

१८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने पिसवांनी भरलेला आजारी उंदीर काचेच्या बरणीत ठेवला आणि जाळीच्या पिंजऱ्यातला निरोगी उंदीर त्याच्या वर टांगला. दोघांचा स्पर्श झाला नाही, तरी दुसराही प्लेगने मेला. सिमोंवर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत हाच प्रश्न कसोशीने तपासला. परळला मुद्दाम बांधलेल्या खोल्यांत रोगी आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले. पिसवा नसल्या की एकाच घाणीत, एकाच अन्नावर राहूनही निरोगी जनावरे वाचत. पिसवा सोडल्या की मरत. पिसूच्या उडीच्या टप्प्याबाहेर टांगलेले गिनीपिगही वाचले.

कुणी म्हणेल, उंदीर पडू लागले की घर सोडावे हे लोकांना आधीच ठाऊक होते. खरे आहे, आणि सरकारने ते ऐकायला हवे होते. पण उंदीर आणि माणूस यांच्यामधला दुवा त्यातून कळत नव्हता. प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःलाच टोचून घेतली, मग जनावरे कशाला, हा दुसरा आक्षेप. ती लस त्याने आधी सशांवर तपासली होती, आणि रोग कसा पसरतो हे माणसांना पिसवा चाववून पाहणे कुणालाच मान्य झाले नसते.

तिसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. या जनावरांच्या वेदनेचा हिशेब कुणीच मागितला नाही. ब्रिटनमध्ये अशा प्रयोगांना परवाना लागे, तो १८७६ च्या कायद्याने. भारतात प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची तरतूद झाली ती १९६० च्या कायद्यात.