बडोदे, खम्मम, बार्शी : एका लसीचा अडखळलेला प्रवास

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानात लस यशस्वीपणे दिली गेल्याची ही पहिली नोंद होय. जेन्नरची ही लस बगदाद-बसरामार्गे, एका बालकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी साखळीने, मुंबईस पोहोचली होती. मुंबईहून ती पुढे पुणे, सुरत, हैदराबाद आणि मद्रासकडे गेली. भारत देवीमुक्त झाल्याचे जाहीर होण्यास मात्र १९७७ साल उजाडावे लागले. मधल्या पावणेदोनशे वर्षांत देवी काढणारा आला म्हणजे मुलांना लपविणारी घरेही होती आणि त्याच्यापुढे आपणहून दंड धरणारी घरेही होती. लस शोधून काढणे हे एक काम. ती लोकांनी विश्वासाने स्वीकारणे हे दुसरे. हे दुसरे काम किती नाजूक असते, याचा प्रत्यय अलीकडे एका नव्या लसीच्या बाबतीत पुन्हा आला. तिच्या इतिहासातील महत्त्वाचे प्रसंग बडोदे जिल्ह्यात, पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील खम्ममला आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला घडले. म्हणून तो इतिहास आमच्या वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ही लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी आहे. आपल्या घरांतून या दुखण्याचे नाव क्वचितच उच्चारले गेले. ‘अंगावरून जाते’ एवढेच दबक्या आवाजात सांगितले जाई, आणि तेही बहुधा उशिरा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात या रोगाचे सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार स्त्रिया मृत्युमुखी पडल्या.

या रोगाच्या कारणाचा माग दीर्घ काळ चालला होता. १८४२ साली इटलीतील रिगोनी-स्टर्न यांनी व्हेरोना शहरातील मृत्यूच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गर्भाशयाचा कर्करोग मठवासी जोगिणींत फारच विरळा आणि विवाहित स्त्रियांत अधिक असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. त्या निरीक्षणाचा उलगडा होण्यास जवळजवळ दीड शतक जावे लागले. १९८३-८४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने या कर्करोगाच्या पेशींतून ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूचे १६ व १८ क्रमांकाचे प्रकार वेगळे केले. जगातील या कर्करोगापैकी सुमारे ७० टक्के या दोन प्रकारांमुळे होतो. २००८ साली त्सुर हाउझेन यांना नोबेल पारितोषिकाने गौरविण्यात आले.

हा विषाणू लैंगिक संबंधांतून पसरतो, आणि तो इतका सर्वत्र आढळतो की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याचा संसर्ग होतो. संसारी गृहिणीलाही तो होतो; त्याचा संबंध कोणाच्या शीलाशी जोडणे अन्यायाचे आहे. बहुतेकींचे शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला घालवून देते. थोड्या जणींत तो ठाण मांडून बसतो आणि पंधरा-वीस वर्षांनी त्यातून कर्करोग उद्भवतो. लसीत हा विषाणू नसतो. त्याच्या बाह्य कवचातील प्रथिनापासून बनविलेले, विषाणूसारखे दिसणारे पोकळ कण तेवढे तिच्यात असतात. त्यांच्यापासून संसर्ग होणे शक्य नाही. संसर्ग होण्यापूर्वी दिल्यास लसीचा पुरेपूर लाभ होतो, म्हणून तिच्यासाठी ९ ते १४ हे वय उत्तम मानले जाते.

अमेरिकेत २००६ साली आणि भारतात २००८ साली या लसीला परवानगी मिळाली. पुढल्या वर्षी, २००९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, ‘पाथ’ ही अमेरिकी संस्था, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राज्य सरकारे यांनी दोन जिल्ह्यांत एक प्रात्यक्षिक प्रकल्प हाती घेतला. त्यांतील एक जिल्हा आंध्र प्रदेशातील खम्मम (आता तेलंगणात) आणि दुसरा गुजरातेतील बडोदे. बडोदे जिल्ह्यातील डभोई, शिनोर आणि कवाट हे तालुके त्यासाठी निवडले गेले. दोन्ही जिल्हे मिळून तेवीस हजारांहून अधिक मुलींना लस देण्यात आली.

याच काळात खम्ममच्या पाच आणि बडोद्याच्या दोन, अशा सात मुलींच्या मृत्यूच्या वार्ता आल्या. स्त्री-आरोग्याच्या क्षेत्रातील संघटनांनी प्रश्न उपस्थित केले आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला. केंद्र सरकारने चौकशी समिती नेमली. समितीने प्रत्येक मृत्यूची कारणे तपासली. त्यांत पाण्यात बुडणे, सर्पदंश, कीटकनाशकाचे सेवन आणि हिवताप यांचा समावेश होता. हे मृत्यू लसीमुळे झाले असे मानण्यास समितीला आधार सापडला नाही.

त्याच चौकशीतून आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि आमच्या मते ती तितकीच गंभीर होती. आंध्रात तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. अनेक मुली आदिवासी कुटुंबांतील, आश्रमशाळांत राहणाऱ्या होत्या. त्यांच्या आईबापांना लस कसली, कशासाठी, हे कोणी समजावून सांगितले नव्हते. लस दिल्यानंतर काही विपरीत घडल्यास त्याची नोंद घेण्याची व्यवस्थाही अपुरी होती. ३० ऑगस्ट २०१३ रोजी संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने आपल्या अहवालात या सर्व प्रकारावर कडक ताशेरे ओढले.

असे दोन वेगवेगळे निष्कर्ष पुढे आले होते. लसीने कोणाचा जीव घेतल्याचे दिसत नाही, हा एक. लस देण्याची रीत अन्यायाची होती, हा दुसरा. लोकांच्या कानी मात्र दोहोंचे मिळून एकच वाक्य पडले : ‘त्या लसीने मुली गेल्या.’ ज्यांनी संमतीचे प्रश्न उठविले त्यांना दोष देणे आम्हांस उचित वाटत नाही. ते प्रश्न खरेच होते. दोष संमतीला उपचार समजणाऱ्यांकडे जातो. त्याची किंमत मात्र देशभरच्या मुलींनी मोजली, कारण सरकारी पातळीवर या लसीचा विषय त्यानंतर कित्येक वर्षे मागे पडला.

याच कथेचा दुसरा धागा बार्शीकडे जातो. २००९ मध्येच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने भारतात एक स्वतंत्र अभ्यास सुरू केला होता. बार्शी, पुणे, मुंबई, अहमदाबाद, हैदराबाद, दिल्ली आदी ठिकाणच्या वीस हजार अविवाहित मुलींना दोन किंवा तीन मात्रा देऊन तुलना करावयाची होती. एप्रिल २०१० च्या आदेशाने या अभ्यासातील लसीकरणही अर्ध्यावर थांबले. ४,९४९ मुलींच्या वाट्याला एकच मात्रा आली. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही; वर्षानुवर्षे त्यांची तपासणी चालू ठेवली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की १६ व १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका मात्रेनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळते, म्हणजे तीन मात्रांइतकेच. हा पुरावा आणि आफ्रिकेतील अभ्यास यांच्या आधारे २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वर्षांच्या मुलींसाठी एका मात्रेचा पर्याय मान्य केला. थांबलेल्या कामातून गरीब देशांना परवडणारा मार्ग निघाला, आणि तो दाखविणाऱ्यांत बार्शीच्या खेड्यांतील मुली होत्या.

सुरक्षिततेविषयी आता शंकेला फारशी जागा उरलेली नाही. २०१७ पर्यंत जगात या लसीच्या २७ कोटींहून अधिक मात्रा वितरित झाल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षा समितीने तेव्हा तिला अत्यंत सुरक्षित ठरविले. तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया दहा लाख मात्रांमागे सुमारे दोन इतकी विरळा असते. दंड दुखणे, किंचित ताप, भीतीने चक्कर येणे हे त्रास होतात. म्हणून लस घेतल्यावर पंधरा मिनिटे बसवून ठेवतात. अंडाशयाचे कार्य अकाली थांबते, ही भीतीही पुराव्यांनी निराधार ठरविली आहे. लाभाचे म्हणावे तर, स्वीडनमध्ये वयाच्या सतराव्या वर्षापूर्वी लस घेतलेल्या मुलींत हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. इंग्लंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्यांत तो ८७ टक्क्यांनी घटला.

आपल्याकडे विश्वास कसा जोडावा याचा नमुना सिक्कीमने दाखविला. २०१८ साली त्या छोट्या राज्याने शाळा, पालक आणि वार्ताहर यांना आधी सर्व समजावून दिले आणि मग लसीकरण केले. नव्वद टक्क्यांहून अधिक मुलींनी लस घेतली. २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या लसीला परवानगी मिळाली, आणि देवीची लस जिकडे दोनशे वर्षांपूर्वी बाहेरून आली होती त्या पुण्यातच ही लस तयार होऊ लागली.

लस घेतली म्हणून तपासणीची गरज संपत नाही. पूर्वीच्या निजामी मुलखातील उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. तिशीनंतर एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असे त्यातून २००९ साली सिद्ध झाले. नातीला लस आणि आईला तपासणी, ही दोन्ही कामे एकाच घरात व्हावयास हवीत.

आपली मंडळे व ग्रंथालये पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एखाद्या स्त्री-डॉक्टरांना बोलावून हा विषय मोकळेपणाने मांडणे त्यांना सहज शक्य आहे. आयांनी शंका विचाराव्यात, मुलींनीही विचाराव्यात, आणि समाधान झाल्यावरच संमतिपत्रावर सही करावी. बडोद्यात आणि खम्ममला जे राहून गेले, ते एवढेच होते.